गोड्या पाण्यातली पिल्लं

आमच्या भोयांच्या घरात झिंगा म्हणजे आधी बाजार, मग कालवण, आणि जीव म्हणून अगदी शेवटी. नाहीतर धंदाच करता यायचा नाही. जाळ्यातून पाटीत टाकला की तो टणाटण उड्या मारायचा, पण त्याच्याकडे बघत कुणी बसत नसे. बघत बसणारी आमच्या घरात एकच आली, माझी बायको. आणि तिनं बघितलं ते बघितलंच.

आमचं गाव कऱ्हाडाच्या खाली, कृष्णेच्या काठाला. घरात माझे वडील, त्यांना आम्ही आबा म्हणायचो, थोरला भाऊ, वहिनी आणि आम्ही दोघं. आबांचा जाळ्यावरचा एक नेम होता. पोटाखाली अंड्यांचा झुबका घेतलेली मादी सापडली की ती पाटीत पडायची नाही. आबा तिला दोन बोटांत अलगद धरायचे, तोंड खालच्या अंगाला करायचे, आणि "जा बाई म्हायेराला" म्हणून पाण्यात सोडायचे. अंड्यावरच्या माद्या नेहमी प्रवाहाबरोबर खाली चाललेल्या सापडायच्या, वर चढणारी कधी नाही. म्हणून आबांनी त्यांचं माहेर खालच्या अंगाला ठरवून टाकलं होतं. नेमकं कुठं, असं आम्ही खोडीनं विचारलं की म्हणायचे, "असंल सांगलीला. तुला काय मुराळी म्हनून जायाचंय का?"

माझ्या बायकोचं माहेर कडेगावच्या बाजूला. रीतीप्रमाणं पहिल्या बाळंतपणाला ती तिकडं गेली. मुलगा झाला. सांगावा आला तसा मी पेढे घेऊन निघालो, आणि पोचलो तेव्हा घरात पाचवीच्या पूजेचं सामान मांडत होते. पाचव्या दिवशी सटवाई येऊन बाळाच्या कपाळावर लिहून जाते, म्हणून तिचं आगतस्वागत. पण बाळानं सकाळपासून अंगावर प्यायचं सोडलं होतं. जबडा आवळलेला. कुणी नुसता हात लावला तरी अंग ताठ व्हायचं, पाठ मागं वळायची. सटवाईची वाट कुणाला बघावी लागली नाही.

दुसऱ्या खेपेला मुलगी झाली. तेच घर, तीच खोली, तसंच सगळं झालं. तो आवळलेला जबडा मी दुसऱ्यांदा बघितला आणि मला समजलं की आता काही होणार नाही. बायकोला मात्र शेवटपर्यंत समजत नव्हतं. ती बोटानं दूध त्या मिटलेल्या ओठांवर लावत बसली होती.

लोक बोलायचं ते बोलले. मेलेल्या म्हशीपाशी कावळे जमतात तशी माणसं जमतात अशा वेळी, आणि आव आणतात सांत्वनाचा. माझा स्वभाव तापट, दोघांतिघांना मी दारातूनच परतवून लावलं. पण बाहेरचं तोंड बंद करता येतं, आतलं नाही. तिनं स्वतःच निकाल देऊन टाकला होता. एके दिवशी भाकरी थापता थापता मला म्हणाली, "माझ्याजवळ पिल्लू टिकत न्हाई. माझा हातच वाईट हाय." रागानं नाही, रडून नाही. आज मीठ संपलंय म्हणावं तसं.

त्यानंतर वहिनीला मुलगा झाला. माझ्या बायकोनं बाळंतिणीचं सगळं केलं. शेक दिला, डिंकाचे लाडू वळले, दुपटी धुतली. पण पोराला कधी हातात घेतलं नाही. ते हात पसरून झेपावलं की हिला नेमकी चुलीची आठवण व्हायची. मी ते बघायचो आणि बाहेर येऊन उगाच कुणावर तरी खेकसायचो.

ह्याच काळात एकदा मी झिंगे घेऊन उंब्रजच्या बाजाराला गेलो होतो. झिंग्याच्या डोक्यावर करवतीसारखा काटा असतो, तो तळहातात खोल घुसला आणि हात सुजला. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी जखम धुतली आणि सुई भरायला घेतली. मी म्हणालो, काट्याला कशाला सुई? त्या म्हणाल्या, ही धनुर्वाताची. आणि धनुर्वात म्हणजे काय ते सांगायला लागल्या. जबडा मिटतो, अंग ताठ होतं, पाठीची कमान होते.

मी ऐकत होतो. मग विचारलं, तान्ह्या लेकराला होतो का?

त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. "नाळ कशानं कापली होती?"

"इळ्यानं."

"आणि वर काय लावलं?"

"चुलीतली राख."

बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, मीही भांडलो असतो. त्या एवढंच म्हणाल्या, की विळा उकळून घेतला असता, राख लावली नसती, आणि आईला आधी सुई दिली असती तर बहुतेक काही झालं नसतं. पुढच्या वेळी इकडं घेऊन या. पुढची वेळ काही आली नाही.

तो विळा माझ्या सासूचा. नाळ तिनंच कापली होती, दोन्ही वेळा. सगळ्या आळीची बाळंतपणं तिच्या हातची, आणि त्यातली कितीतरी पोरं तरणीताठी होऊन हिंडत होती. वाईट बाई नव्हती हो. नातवंडं गेली तेव्हा जमिनीवर कपाळ आपटून घेणारी तीच होती. मी काही महिने तिच्या घरी जेवलो नाही. तिला वाटलं जावई मानपानावरून रुसला, म्हणून तिनं पुरणपोळ्या करून पाठवल्या. काय बोलणार! त्या पोळ्या मी खाल्ल्या.

बायकोला सांगावं का, हा प्रश्न माझ्या उरावर बसला. सांगितलं तर तिचा हात दोषातून सुटत होता. पण मग आई जात होती. दोन लेकरं गेल्यावर तिला रडायला जगात ती एकच मांडी उरली होती. नवऱ्यापाशी बायका रडत नाहीत, निदान आमच्याकडं तेव्हा रडत नव्हत्या. ती मांडी मी कशी काढून घेणार? इकडं आड, तिकडं विहीर. मी गप्प बसलो.

मग आला तो खड्डा. नदीच्या वरच्या अंगाला एक जुनी वीटभट्टी होती, माती काढून काढून पडलेला मोठा खड्डा होता तिथं. एका वर्षी पुराचं पाणी त्यात शिरलं आणि ओसरताना बारके झिंगे आत ठेवून गेलं. थंडी सरता सरता बघतो तर एकेक झिंगा वीतभर. तेव्हापासून आम्ही मुद्दामच नदीतली बारकी पिल्लं आणून त्यात सोडायला लागलो. कोंडा, शिळ्या भाकरीचा चुरा, गोगलगाई ठेचून टाकायच्या, नि वाढवायचे. शेतकरी ऊस लावतो, आम्ही झिंगे लावतो, असं मी ऐटीत सांगायचो.

खोट एकच होती. खड्ड्यात झिंगे वाढायचे, अंड्यावर यायचे, पण पिल्लं दिसायची नाहीत. दर वर्षी बेणं नदीतूनच आणायचं. बांधबंधारे झाल्यापासून नदीतही ते कमी व्हायला लागलं होतं.

चारा टाकायचं काम बायकोकडं होतं. ती टाकून यायची तर दोन तास यायचीच नाही. काठावर बसून बघत राहायची. मग घरी येऊन मला सांगायची, आणि सांगताना तिच्या तोंडावर जुनं काहीतरी परत यायचं. मादी सापासारखी कात टाकते. मग तिचं अंग इतकं मऊ असतं की बारका मासासुद्धा तिला फाडून खाईल. "आवं, तवा त्यो लांब नांगीवाला गडी हाय न्हवं, त्यो तिच्यावर उभा ऱ्हातो. दोनी नांग्या अशा पसरून. कुनाला म्हनून फिरकू देत न्हाई. लय राखतो वो तिला." असं म्हणून माझ्याकडं अशी बघायची की मी चंची शोधायला लागायचो.

कोयनेचा मोठा भूकंप झाला त्याच्या आधीच्या पावसाळ्यातली गोष्ट. खड्ड्यातली एक मादी पोट भरून अंड्यावर आली. आबा म्हणाले, नदीला सोडून या. बायको कधी आबांपुढं बोलायची नाही, ती पदर सावरून उभी राहिली.

"आबा, हिला म्हायेराला नगा धाडू. हितंच हू द्या हिचं बाळतपन."

आबा तिच्याकडं बघत राहिले. का म्हणते ते सगळ्यांना समजलं. आबांनी जाळं खांद्यावर टाकलं आणि मादी तिथंच ठेवून नदीकडं गेले.

अंगणात गुरांना पाणी पाजायची जुनी दगडी डोणी होती. तिनं ती घासून लखलखीत केली. वर ओलं गोणपाट टाकून सावली केली. काठाचं पाणी गढूळ म्हणून ही कमरेएवढ्या पाण्यात शिरून धारेतलं पाणी भरायची आणि घागरी डोक्यावरून आणायची. डोणीतलं शिळं पाणी काढून रोज ताजं, गोडं पाणी. मी म्हणालो, "अगं, एवढी सेवा माझी केली असतीस तर मी बी अंड्यावर आलो असतो." ती हसली नाही, पण घागर उतरवायला मला हात लावू दिला.

अंडी आधी हळदीसारखी होती, मग मातकट झाली. मग एकेका अंड्यात काळे ठिपके दिसायला लागले. ते डोळे होते. मादी पोटाखालच्या पायांनी त्यांना सारखा वारा घालायची, वाईट झालेलं अंडं नांगीनं टिपून टाकायची. एका पहाटे बायकोनं सगळं घर उठवलं. डोणीभर मोहरीपेक्षा बारीक पिल्लं, काचेसारखी. डोकं खाली, शेपूट वर, आणि पोहायची तीही मागं मागं. "बगा की, समदी उलटीच चाल्ल्यात," म्हणून ती हसली. तीन वर्षांत मी ते हसणं ऐकलं नव्हतं. आबासुद्धा ओणवून बघत होते. वहिनीनं पोराला कडेवर आणून दाखवलं, आणि माझ्या बायकोनं बोलता बोलता, नकळत, त्याच्या पायाला हात लावला.

म्हणजे मला काय वाटलं असेल बघा. खड्डा, बेणं, धंदा गेला चुलीत. ही पिल्लं जगली तर ती पोराला उचलून घेईल, एवढंच माझ्या मनात होतं. मी अंबाबाईला नारळ बोललो. झिंग्यांसाठी नारळ बोललेला मी जगातला पहिला माणूस असेन.

बायकोनं मादीला परत खड्ड्यात सोडलं, कारण भुकेली आई पिल्लं खाईल ही भीती. उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक फडक्यातून गाळून पिल्लांना घातला. पण तिसऱ्या दिवशीच पिल्लं मंदावली. खाली बसायला लागली. तिनं पाणी दिवसातून दोनदा बदललं. मग तीनदा. नदीचं, धारेतलं, जितकं गोडं मिळेल तितकं.

पाचव्या दिवशी संध्याकाळी मी नदीवरून आलो तर डोणीपाशी तिनं पाटा मांडलेला. वर हळदकुंकू, पानसुपारी, कोरा कागद. पाचवी. अंगणाच्या कडेला शेजारच्या बायका तोंडाला पदर लावून उभ्या होत्या. त्यांच्या हसण्याचं मला काही वाटलं नसतं. पण रीतीप्रमाणं तिनं पाट्याशेजारी विळा ठेवला होता.

मी तो विळा उचलला आणि परसात भिरकावून दिला. बायका पांगल्या. बायको माझ्याकडं बघत राहिली. तिला वाटलं, मी तिच्या वेडाला लाजलो. खरं कारण माझ्या ओठावर आलं होतं, ते मी गिळलं, आणि ती निमूट उठून पाट्यावरचं कुंकू पुसायला लागली.

सकाळी डोणीच्या तळाला पांढरी भुकटी होती. एकही पिल्लू हलत नव्हतं.

त्या पावसाळ्यात तिनं आणखी माद्या आणल्या. प्रत्येक वेळी तसंच झालं, आणि प्रत्येक वेळी तिनं आधीपेक्षा जास्त पाणी वाहिलं. शेवटी वहिनीच म्हणाली, कळवळून म्हणाली, "बाई, त्या झिंग्यांना तरी सोड गं." ते लागलं. डोणी पालथी पडली. तिनं मला फक्त एवढं म्हटलं, "बगितलं न्हवं? मानसाचं ऱ्हाऊ द्या, किड्यामुंगीचं बी टिकत न्हाई माझ्याजवळ." वहिनीचं पोर दुडदुडत तिच्याकडं आलं की ती उठून जायला लागली.

भूकंपानंतरच्या पावसाळ्यात उंब्रजच्या सुक्या मासळीच्या व्यापाऱ्यानं मला ट्रकमधून चिपळूणला नेलं. त्याला आम्ही चाचा म्हणायचो, आबांच्या वेळेपासून देणंघेणं. माल भरेपर्यंत मी खाडीवर फिरत गेलो. तिथं एकजण जाळं झाडत होता आणि त्यात अंड्यावरच्या माद्या, आमच्याच नदीतल्यासारख्या, पण हातभर लांब. मी विचारलं, खाडीत ह्या कशा? तो म्हणाला, "पाऊस लागला की वरनं नदीतनं उतरतात. अंडी फोडायला ह्यांना इथंच यावं लागतं."

"का? वर काय होतं?"

"गोड्या पाण्यात पिल्लू जगत नाय. चारपाच दिवसांत मरतं. खाडीचं मचूळ पाणी लागतं, खारं नि गोडं मिसळलेलं. अंमळ मोठं झालं की जातं परत वर."

मी त्याला तीन वेळा तेच विचारलं. तो वैतागला. मग मी तिथंच चिखलात बसलो. आबांचं ते माहेर खरंच होतं तर. आमच्या कृष्णेचा समुद्र कुठं आंध्राच्या पलीकडं, तिथवर त्या जातात कशा आणि ती पिल्लं परत येतात कशी, देव जाणे. पण मला त्याच्याशी काय करायचं होतं? माझ्या डोक्यात एकच वाक्य घुमत होतं: तिचा हात वाईट नव्हता. कुणाच्याही हातात ती मेलीच असती.

आणि हे सांगायला मोकळा होतो मी! ह्यात कुणाचा विळा नव्हता, कुणाची आई नव्हती. कुंभार्ली घाट चढताना ट्रक इतका कण्हत होता की उतरून पळत सुटावं असं वाटत होतं. चाचा म्हणाला, "भोई, आज लय खुशीत?" मी म्हणालो, "चाचा, आज मी घरी औषध घेऊन चाललोय."

घरी आलो तर सासू आलेली होती. सोप्यात बसून तांदूळ निवडत होती. बायको तिच्याजवळ वाती वळत होती. मला धीर कुठला? चपला काढायच्या आधीच मी सगळं सांगून टाकलं. खाडी, मचूळ पाणी, वरनं उतरणाऱ्या माद्या. "तुझ्या हाताचा काय संबंध न्हवता गं. त्यास्नी गोडं पानी चालतच न्हाई."

ती ऐकत होती. तिच्या तोंडावर मी ज्याची वाट बघत होतो ते काही आलं नाही. ती म्हणाली, "म्हंजे मी जितकं पानी आनत गेले, तितकी ती मरत गेली."

"तसं न्हवं गं. आपल्याला ठावं न्हवतं."

"व्हय. आपल्याला ठावं न्हवतं. पर त्या मानसाला ठावं हुतं." तिनं हातातली वात खाली ठेवली. "मग आवं, आपल्या दोन लेकरांना काय पायजे हुतं, त्ये बी कुनाला तरी ठावं असंल की. कुनीतरी असंल न्हवं, ज्याला इचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं?"

सासूचा तांदळातला हात थांबला. तिला काही ठाऊक नव्हतं. ती फक्त लेकीसाठी माझ्या तोंडाकडं बघत होती, डोळ्यांत पाणी आणून, आता जावई काहीतरी बरं सांगेल म्हणून. बायकोही माझ्याकडंच बघत होती.

मी म्हणालो, "न्हाई. मानसाचं कुनालाच ठावं नसतं."

"म्हंजे माझाच हात," बायको म्हणाली. मग उठली, आणि आईला विचारलं, "च्या टाकू का गं?"